समा : मोजून घेतलेली गिरकी

पांढरा घोळदार झगा, डोक्यावर उंच टोपी, एक हात वर, एक खाली आणि भोवऱ्यासारखी गिरकी घेणारा दरवेश, हे चित्र आपण कुठे ना कुठे पाहिलेले असते. पाहणाऱ्याला वाटते, हा मनुष्य भान हरपून नाचतो आहे. माझाही असाच समज होता. परंतु या विधीविषयी वाचत गेलो तेव्हा ध्यानात आले की, प्रकार नेमका उलटा आहे. येथे भान अखेरपर्यंत राखावे लागते.

या विधीला 'समा' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'ऐकणे'. आमच्या सीमाभागाला हा शब्द अगदीच परका नाही. गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदेनवाज (मृत्यू १४२२) ज्या चिश्ती परंपरेतले, तिच्यातही समा आहे. पण तेथे सारा भर बसून ऐकण्यावर. ऐकता ऐकता कोणी उठून डोलू लागला, तर ती त्याची स्वतःची अवस्था. तुर्कस्तानातील कोन्या या शहरी मात्र ऐकणाऱ्याच्या देहालाच उपासनेत स्थान मिळाले.

जलालुद्दीन रूमी (१२०७ ते १२७३) हे कोन्यातील विद्वान धर्मोपदेशक. १२४४ साली तबरेझचा शम्स हा फकीर त्यांना भेटला आणि त्यांचे जीवनच पालटले. आख्यायिका अशी की, सोनारपेठेतून जाताना हातोड्यांचा ठेका कानी पडला आणि रूमी भर रस्त्यात गिरक्या घेऊ लागले. त्या गिरकीला ना नियम होता, ना वेळ. नियम आले ते मागाहून. रूमींचे पुत्र सुलतान वलद यांनी अनुयायांना संघटित केले, त्यातून मेवलेवी पंथ उभा राहिला आणि पुढील पिढ्यांनी विधीचा क्रम ठरवून दिला.

हे शिक्षण कसे होते ते पाहण्याजोगे आहे. नवशिक्याला थेट नाचायला उभे करीत नसत. प्रथम तो तीन दिवस स्वयंपाकघराच्या दाराशी कातड्यावर मुकाट बसून कामे पाहत असे. टिकला तर १००१ दिवसांची सेवा : झाडलोट, भांडी घासणे, बाजारहाट, शौचकूप धुणे. पंथात स्वयंपाकघराला एवढा मान की, आतेशबाझ वली या आचाऱ्याची स्वतंत्र कबर कोन्यात आजही आहे. याच स्वयंपाकघरात गिरकीचा सराव चाले. लाकडी फळीवर एक गुळगुळीत खिळा ठोकलेला असे. डाव्या पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्यामध्ये तो धरायचा, घर्षण कमी व्हावे म्हणून मीठ टाकायचे आणि उजव्या पायाने रेटा देत डाव्या अंगाला, म्हणजे हृदयाच्या बाजूला, फिरायचे. डावा पाय हा 'खांब', उजवा हे 'चाक'. प्रत्येक फेऱ्याला मनात अल्लाचे नाव.

चक्कर कशी येत नाही, हा प्रश्न साहजिक आहे. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. एकाच गतीने फिरत राहिले की तो द्रवही सोबत फिरू लागतो आणि फिरण्याची जाणीव मंदावते. गती एकदम बदलली की तोल जातो. म्हणून संथ, अखंड, सारख्या गतीला महत्त्व. थांबल्यावर दरवेश हात छातीवर घेऊन निश्चल उभा राहतो. खरी परीक्षा त्या क्षणी असते.

विधीत वेषालाही अर्थ आहे. उंच टोपी म्हणजे अहंकाराच्या थडग्यावरचा दगड, पांढरा झगा म्हणजे त्याचे कफन. वरचा काळा अंगरखा उतरवून दरवेश फिरू लागतो. चार 'सलाम' म्हणजे चार आवर्तने होतात, सोबतीला 'नेय' नावाची बोरूची बासरी. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे : वरून मिळाले ते खाली दिले, स्वतःपाशी काही ठेवले नाही. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत बोलायचे तर जमा व खर्च समान, शिल्लक शून्य! कोणी कोणावर आदळू नये म्हणून एक ज्येष्ठ दरवेश सर्वांमधून हिंडत अंतर राखून घेतो. चौथ्या सलामात शेख स्वतः मध्यभागी येऊन सावकाश फिरतो. शेवटी कुराणाचे पठण होते.

या उपासनेला विरोधही पुष्कळ झाला. संगीत व नृत्य धर्मबाह्य आहे असे म्हणणाऱ्या उलेमांच्या प्रभावामुळे ऑटोमन राज्यात १६६६ ते १६८४ पर्यंत समावर बंदी होती. त्याहून मोठा घाव १९२५ साली बसला, तोही धर्मनिष्ठांकडून नव्हे. नव्या तुर्की प्रजासत्ताकाने कायद्याने सर्व सूफी मठ बंद केले, शेख व दरवेश या पदव्याही रद्द केल्या. कोन्याचा मठ १९२७ साली संग्रहालय म्हणून उघडला. १९५० च्या दशकात समाला पुन्हा परवानगी मिळाली. पण उपासना म्हणून नव्हे, तर सार्वजनिक कार्यक्रम म्हणून! तो कायदा आजही रद्द झालेला नाही. रूमींच्या पुण्यतिथीला, १७ डिसेंबरला, 'विवाहरात्र' म्हणतात, कारण मृत्यू म्हणजे प्रियतमाची भेट. त्या रात्री कोन्यात हजारो लोक तिकीट काढून समा पाहतात. २००८ पासून तो युनेस्कोच्या वारसा-यादीत आहे आणि पर्यटकांसाठी त्याची काटछाट होते, अशी चिंता युनेस्कोनेही नोंदविली आहे.

तिकीट लावले म्हणून ती पूजा राहिली नाही, असे काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्या दिंडीत पावली खेळणाऱ्याला रस्त्यावरची माणसे पाहतातच. त्याने त्याचा विठ्ठल उणावत नाही. फिरणाऱ्याच्या मनात नाम चालू आहे की नाही, हे पाहणाऱ्याला कळायचे कसे? माझ्या मते खरे नुकसान स्वयंपाकघर बंद पडल्याने झाले. गिरकी काही महिन्यांत शिकता येते. १००१ दिवस भांडी घासून जो मनुष्य त्या गिरकीपर्यंत येत असे, तो घडविण्याची जागा आता उरली नाही. कोन्याच्या संग्रहालयात ते स्वयंपाकघर जसेच्या तसे मांडून ठेवले आहे आणि चुलीपाशी दरवेशांचे पुतळे बसविले आहेत.