पहिली खेप यीस्टविना

प्रश्न : घरी बार्लीची बिअर करून पाहायची आहे. आमच्या देवरी भागात मोह घरोघरी आंबतो, मग बिअर का नाही? (एक वाचक, जि. गोंदिया)

उत्तर : यीस्ट घालू नका, खेप मात्र जरूर करा. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. ‘घरापुरतीच करतो’ म्हटल्याने तो टळत नाही, मोहाची दारूही त्यातून सुटत नाही. शिवाय मोहाची तुलना इथे फसवी आहे. मोहफुलात साखर आयतीच असते, म्हणून ती ओली झाली की आंबते. बार्लीत असतो स्टार्च, आणि यीस्टला तो पचत नाही. त्याची साखर करणे हेच बिअरचे खरे कौशल्य, आणि ते यीस्टच्या आधीच संपते. बार्ली भिजवा, मोड आणा, वाळवून भरड दळा आणि साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. पाणी उकळले तर स्टार्च फोडणारी विकरे मरतात, सगळी मेहनत वाया जाते. थेंबभर पाणी बशीत काढून त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. निळे-काळे झाले तर स्टार्च शिल्लक आहे. तपासलेला थेंब फेकून द्या.

‘मग ही बिअर कसली?’ असे तुम्ही म्हणाल. पण गाळून, उकळून, थंड करून त्याच दिवशी प्यायलेले हे गोड माल्टपेय तुम्हाला धान्य ओळखायला शिकवील. आणि परवाना असता तरी आंबवण्यासाठी बहुतेक एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टना 20 अंशांच्या आसपास गारवा लागतो. गोंदियाचा मे महिना तर चाळिशी ओलांडतो.