छर्दि : वेग थांबविण्यापूर्वी हेतुविचार

छर्दि शास्त्रात स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिली असली, तरी व्यवहारात ती पुष्कळदा अन्य व्याधीचे लक्षण म्हणून समोर येते. हा भेद न पाहता केवळ वेगरोध केल्यास रुग्णाचा घात संभवतो. मावळासारख्या अतिपर्जन्याच्या, भातशेतीच्या प्रदेशात हा विवेक विशेष आवश्यक होय.

निदान : चरकाचार्यांनी वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व द्विष्टार्थसंयोगज असे ५ प्रकार सांगितले. सुश्रुताचार्यांनी आगंतुज प्रकारात बीभत्सज, दौहृदज, आमज, असात्म्यज व कृमिज असे हेतू मानले. म्हणूनच खंडाळ्याच्या घाटातील वाहनप्रवासाने होणारी, लोणावळ्याच्या पावसाळी सहलीत दूषित अन्नजलाने होणारी आणि गर्भिणीस होणारी छर्दि यांना एकच योग देणे शास्त्रसंमत नव्हे.

सावधानता : वर्षाऋतूत जमिनीवर झोपलेला शेतकरी पहाटे पोटदुखी व उलटीने जागा झाला, तर मण्यारदंशाची शंका आम्ही प्रथम घेतो. या दंशाची वेदना अल्प असते. व्रण बहुधा दिसतही नाही. पुढे पापण्या मिटू लागतात, गिळणे व बोलणे अवघड होते आणि श्वास मंदावतो. आमज छर्दि समजून येथे लंघन-पाचनात वेळ दवडू नये. पापण्या पडण्याची वाट न पाहता रुग्णास प्रतिसर्पविष व कृत्रिम श्वसनाची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. कीटकनाशक फवारणीनंतर उलटीसह लाळ, घाम व आकुंचित बाहुल्या दिसल्यास तीच त्वरा करावी. वमन देऊ नये. नवजात बालकाची हिरवी उलटी पित्तज न मानता आंत्रावरोधाची शंका घ्यावी. छातीतील वेदना, रक्तवमन वा मूत्राल्पता यांचीही उपेक्षा नको.

चिकित्सा : आमाशयाचा उत्क्लेश हे छर्दीचे मूळ, म्हणून वातज प्रकार वगळता प्रथम लंघन सांगितले आहे. मात्र लंघन म्हणजे जलत्याग नव्हे. बालक, गर्भिणी व दुर्बल यांना लंघन टाळावे. बालकास उलटीनंतर सुमारे १० मिनिटे थांबून चमचा-चमचा जलसंजीवनी द्यावी. मोठ्यांस साळीच्या लाह्यांचा मंड हितकर. मावळात लाह्या सहज मिळतात. चरकोक्त छर्दिनिग्रहण गणातही लाजा, दाडिम, मातुलुंग व उशीर यांचा समावेश आहे.

वैद्यबंधूंनी प्रत्येक छर्दिरुग्णास ३ प्रश्न अवश्य विचारावेत, अशी आमची विनंती आहे : रात्री कोठे झोपला होता, काल शेतात काय केले, आणि शेवटची लघवी केव्हा झाली? औषधयोजना त्यानंतर.