तारापूर असताना ट्रॉम्बे कशाला?

प्रश्न : वीज बनवणाऱ्या अणुभट्टीतही प्लुटोनियम तयार होते म्हणतात. मग तारापूर हाताशी असताना १९७४ च्या पोखरण स्फोटासाठी ते ट्रॉम्बेहून का आणले?
– एक वाचक, पालघर

उत्तर : तयार होते, आणि चांगले भरपूर होते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या आजच्या वीजभट्टीतून निघालेल्या एक टन जळक्या इंधनात सुमारे १० किलो प्लुटोनियम असते. युरेनियम-२३८ चा अणू एक न्यूट्रॉन गिळतो, काही दिवसांत त्याचे आधी नेप्चुनियम आणि मग प्लुटोनियम-२३९ होते. इथवर दोन्हीकडे एकच कृती. फरक पडतो तो भांडे आचेवरून कधी उतरवता यावर. इंधन भट्टीत जास्त दिवस राहिले, की २३९ आणखी एक न्यूट्रॉन गिळून २४० होते. हे २४० आपणहून फुटत राहते, न्यूट्रॉन सोडते. बॉम्ब वेळेआधी पेटून फुसका बार निघायची भीती. म्हणून लष्करी मालात ते ७ टक्क्यांच्या आत ठेवतात. वीजवाल्यांना मात्र महागाचे इंधन तीन-चार वर्षे पुरवून वापरायचे असते. त्यांच्याकडे २४० पाव हिश्श्याच्या आसपास जाते.

ट्रॉम्बेची सायरस भट्टी १९६० साली सुरू झाली. भट्टी कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे. विजेचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे इंधन हवे तेव्हा काढता येई. ढोबळ हिशेब असा : एक मेगावॉट उष्णता दिवसभर, की साधारण एक ग्रॅम प्लुटोनियम. सायरस ४० मेगावॉटची, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालली तर दिवसाला ४० ग्रॅम. पोखरणला सहा किलोच्या आसपास लागले असे सांगतात, करा भागाकार. ते नायट्रिक आम्लात विरघळवून वेगळे काढणारा कारखानाही ट्रॉम्बेतच होता. १९६५ च्या जानेवारीत लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले.

तरीही माझ्या मते खरे उत्तर भौतिकशास्त्रात नाही, कागदात आहे. वीजभट्टीच्या प्रतीच्या म्हणवल्या गेलेल्या प्लुटोनियमचा स्फोट अमेरिकेने १९६२ मध्ये नेवाडात करून पाहिला होता, आणि तो झाला. पण तारापूरला अमेरिकेशी झालेल्या करारामुळे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांची नजर होती. सायरसच्या करारात फक्त शांततामय वापराचे वचन होते, तपासणी नव्हती. दिल्लीने स्फोटालाही ‘शांततामय’च म्हटले. कॅनडाला ते पटले नाही. त्याने अणुसहकार्य थांबवले.

अमेरिकेशी पुढे झालेल्या अणुकराराच्या वेळी, २००६ मध्ये, भारताने सायरस बंद करायचे कबूल केले. ३१ डिसेंबर २०१० ला ती बंद झाली. शेजारची १०० मेगावॉटची ध्रुव भट्टी लष्करी यादीतच ठेवली गेली.