स्विच बदलण्याआधी अर्थिंग तपासा

माझा पिकअप १९७० चा शेव्हर्ले सी-१०. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे चासी गंजली होती. हौदा उतरवून चासीला पावडर कोटिंग केलं, केबिनलाही रंग दिला. गाडी देखणी झाली आणि दिव्यांचं तंत्र बिघडलं. हेडलाइट बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद पेटायचे. पेट्रोलचा काटा ‘फुल’च्याही पलीकडे जाऊन बसला.

गॅरेजवाल्याने आधी फ्लॅशर बदलला, मग स्टिअरिंगखालचा इंडिकेटर स्विच. बिल झालं, दुखणं तसंच राहिलं. एका रात्री फ्रीवेवर मागची गाडी हौद्यावर आदळता आदळता वाचली. चालकाने पुढच्या सिग्नलला काच खाली करून सांगितलं की माझा ब्रेकलाइट लागलेला त्याला कळलाच नाही. म्हणून हे लिहितोय. अर्थिंगचं दुखणं ‘बघू नंतर’ म्हणून सोडण्यासारखं नसतं.

या गाड्यांत मागच्या दिव्यांपर्यंत वायर येते ती फक्त प्लसची. करंट परत जातो तो दिव्याच्या पत्र्याच्या वाटीतून, हौद्यातून, चासीतून, इंजिनवरून बॅटरीच्या मायनसला. ११५७ नंबरच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, टेलचं आणि ब्रेकचं, आणि दोघांचं अर्थिंग एकाच टोपीतून होतं. टोपीला अर्थ मिळाला नाही की ब्रेकचा करंट टेलच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, टेलच्या वायरने पुढे येतो आणि डॅशबोर्डच्या बल्बांतून वाट काढतो. फ्यूज उडत नाही, काही जळत नाही. साहजिकच संशय स्विचवर जातो.

तपासताना मीटरचा बीप ऐकून समाधान मानू नका. केबलची एक तार शाबूत असली तरी बीप येतो, कारण मीटर नगण्य करंट सोडतो. दिवा चालू ठेवूनच मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन बल्बच्या टोपीवर, आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. माणूस नसेल तर सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी दांडा अडकवा. रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत हवं. माझ्याकडे सात आलं. मग लाल पिन एकेक टप्पा पुढे सरकवत न्या: वाटी, हौदा, चासी, इंजिन. आकडा जिथे एकदम पडतो, तिथेच खोट. माझ्या गाडीत तो हौद्यावरून चासीवर येताना पडला. बोल्ट घट्ट होते, पण कोटिंगच्या थरावर बसलेले.

थोडासा अडथळाही कमी समजू नका. ब्रेकचं फिलामेंट सुमारे दोन अँपिअर ओढतं. जोडात अर्धा ओहम असला तरी एक व्होल्ट तिथेच जातो आणि दिव्याचा जवळपास चतुर्थांश उजेड कमी होतो.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचा मायनस आधी काढा. जोडाची जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. मी हौद्याच्या भरवशावर न राहता दोन्ही दिव्यांपासून चासीपर्यंत वेगळी वायर ओढली. पेट्रोलची टाकी या मॉडेलमध्ये सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. तिच्या सेंडरची अर्थ वायर ताज्या रंगावर आवळलेली होती. तेवढी जागा घासली आणि काटा खरं बोलू लागला.

इंजिन आणि केबिन यांना जोडणारी विणलेली पट्टी मात्र आवर्जून बघा. इंजिन उतरवून बसवताना ती हमखास राहते. ज्या गाडीत बॅटरीचा मायनस चासीला असतो, तिथे इंजिनची पट्टी नसेल तर सेल्फचा करंट क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो आणि केबल तापून जळते.

आणि गाडी कोटिंगला देणार असाल तर अर्थिंगच्या सगळ्या जागांचे फोटो आधी काढा, तिथे टेप लावा आणि रंगवणाऱ्याला त्या प्रत्यक्ष दाखवा.