मनगटावरचा ऐवज

मनगटी घड्याळ ही वस्तू आपल्या घरांत नवी नव्हे. तथापि ज्या घड्याळाची किंमत मुलाच्या संपूर्ण महाविद्यालयीन शिक्षणाच्या खर्चाइतकी, किंबहुना त्याहूनही अधिक असते, असे घड्याळ घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न सुरतेतील आपल्या कुटुंबांत आता उपस्थित होऊ लागला आहे. व्यापारात हात बसलेला मुलगा तो विचारतो, साखरपुड्याच्या बैठकीत तो सूचकपणे पुढे येतो, आणि निवृत्तीची रक्कम हाती आलेले एखादे गृहस्थही तो मनातल्या मनात घोळवीत असतात. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा असता, तर आम्ही त्यासाठी या पानांची जागा अडविली नसती. परंतु घरातील संचित कोणी, कोणासाठी व कोणाच्या गरजेआधी खर्च करावे, असा हा प्रश्न असल्याने त्याचा सांगोपांग विचार येथे करावयाचे योजिले आहे.

प्रथम हे पाहू की, इतके द्रव्य देऊन आपण विकत काय घेतो. वेळ कळावी म्हणून घड्याळ, असे उत्तर कोणीही देईल. परंतु महागड्या घड्याळाच्या बाबतीत ते टिकत नाही. आपले पूर्वज दिवसाच्या साठ घटिका मोजीत व एका घटिकेची साठ पळे मानीत, म्हणजे त्यांचे पळ आजच्या २४ सेकंदांचे. तळाशी छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडे, त्यावरून विवाहाचा मुहूर्त साधला जाई. आज साध्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक दर सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. १९८९ पासून बाजारात असलेले कॅसिओचे एफ-९१ डब्ल्यू हे प्लॅस्टिकचे स्वस्त घड्याळ महिनाभरात फार तर तीस सेकंद मागेपुढे होते. याउलट स्विस प्रमाणपत्र मिळालेले उत्तम यांत्रिक घड्याळ दिवसाला सरासरी चार सेकंद मागे वा सहा सेकंद पुढे गेले, तरी ते निर्दोषच मानले जाते. अशा घड्याळाचा महिन्याचा फरक तीन मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. सारांश, लाखो रुपये मोजणारा मनुष्य अधिक अचूक वेळ विकत घेत नाही. ही गोष्ट घरात एकदा मोकळेपणाने कबूल झाली, म्हणजे पुढील बोलणे पुष्कळच सोपे होते.

मग तो विकत काय घेतो? आमच्या मते दोन गोष्टी, दागिना व कारागिरी. दागिन्याची कथा मोठी मनोरंजक आहे. सोळाव्या शतकात जिनीव्हा नगरीत कॅल्विन या धर्मसुधारकाच्या अमलाखाली अलंकार वापरण्यावर कडक निर्बंध आले. सोनारांचा धंदा बसला व त्यांतील पुष्कळजण घड्याळे घडविण्याकडे वळले, कारण घड्याळ ही उपयोगाची वस्तू म्हणून तिला मुभा होती. पुढे १६०१ साली तेथे घड्याळकारांचा स्वतंत्र संघच स्थापन झाला. अलंकारास दारातून घालविले, तो घड्याळाच्या रूपाने खिडकीतून आत आला! पुरुषाने अंगावर दागिना घालणे ज्या समाजात फारसे रुचत नाही, तेथे घड्याळाचे महत्त्व का वाढते, हे यावरून ध्यानी येईल. आणि मनगटी घड्याळ हे तर मुळात बायकांचे भूषण मानले जाई; १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात शिपायांना खिशातील घड्याळ काढण्यास सवड मिळेना, तेव्हापासून ते पुरुषांच्या हाती सर्रास आले.

कारागिरीचे मोल मात्र सुरतेच्या माणसास वेगळे सांगावयास नको. उत्तम यांत्रिक घड्याळात शंभराहून अधिक लहान लहान भाग असतात. त्याचे तोल-चक्र ताशी २८,८०० ठोके देते. आणि झाकणाआड, जेथे धारकाची दृष्टी वर्षानुवर्षे पोहोचत नाही, तेथील पट्ट्यांच्या कडाही हाताने घासून चकचकीत केलेल्या असतात. वराछातील घंटीवर बसून मोहरीएवढ्या हिऱ्यास ५७ पैलू पाडणाऱ्या कारागिरास हे काम दाखविले, तर त्याची किंमत तो ग्राहकापेक्षा लवकर ओळखील, असे आम्हांस निश्चित वाटते. ही विद्या एकदा बुडू पाहत होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेको कंपनीने टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्यावेळच्या एका लहान मोटारीइतकी. परंतु लवकरच तेच यंत्र कवडीमोल झाले. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये सुमारे ९०,००० लोक या धंद्यात होते, ते पुढील पंधरावीस वर्षांत तीस-चाळीस हजारांवर आले. जे उरले, त्यांनी वेळ विकण्याचे सोडून कौशल्य व प्रतिष्ठा विकण्यास आरंभ केला. आजच्या भारी किमतीचे मूळ येथे आहे. म्हणून यंत्राच्या खऱ्या प्रेमाने असे घड्याळ घेणाऱ्यास आम्ही उधळ्या म्हणणार नाही. भर्तृहरीने द्रव्याच्या गती सांगताना दान व नाश यांच्यामध्ये भोगासही स्थान दिले आहे, हे विसरता कामा नये.

परंतु बहुधा युक्तिवाद निराळाच केला जातो. “हा खर्च नव्हे, ही तर गुंतवणूक आहे,” असे सांगण्यात येते. या म्हणण्यात तथ्य किती? काही थोड्या नामांकित नमुन्यांचे भाव वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात चढले, हे खरे. २०२२ च्या आरंभी तर ते कमालीचे चढले. पण त्याच वर्षी ते घसरूही लागले, आणि चढत्या भावाने घेणाऱ्यांचे हात पोळले. सुरतेस याचा दाखला परदेशातून आणावयाचे कारण नाही. कारखान्यात तयार होणारे हिरे बाजारात आले व नैसर्गिक हिऱ्याच्या भावास २०२२ नंतर कशी उतरती कळा लागली, हे महिधरपुऱ्याच्या बाजारात रोज उभे राहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय बहुतेक घड्याळे दुकानातून बाहेर पडताच मोल गमावतात. काही वर्षांनी ती उघडून साफ करावी लागतात व तेल द्यावे लागते, आणि हे काम नाक्यावरच्या घड्याळजीकडे होत नाही, त्याला हजारो रुपये पडतात. आठ लाख रुपये सात टक्के चक्रवाढीने दहा वर्षे ठेवले, तर त्यांचे सुमारे पावणेसोळा लाख होतात. घड्याळाने इतके उत्पन्न द्यावे, अशी अपेक्षा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. खर्चास खर्च म्हणावे. मग तो झेपतो की नाही, हे तरी नीट पाहता येते.

येथे सुरत जिल्ह्यातच घडलेला एक प्रसंग आठवतो. १९३० च्या दांडीयात्रेत महात्माजी १ एप्रिल रोजी सुरतेस आले. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला, ओलपाड तालुक्यातील भाटगाम येथे त्यांनी एक भाषण केले. २ मार्च रोजी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिशेब मांडला होता की, व्हाइसरॉयचा पगार दरमहा २१,००० रुपये, तर भारतीय माणसाची सरासरी मिळकत दिवसाला दोन आण्यांहून कमी. म्हणजे पाच हजार पटींहूनही अधिक अंतर. आणि इकडे त्यांच्याच यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध व भाजी आणली जात होती, मुक्कामावर किटसनचे झगझगीत दिवे लागत होते. रात्रीच्या वाटचालीत असा एक जड दिवा एका मजुराच्या डोक्यावर दिला होता व त्याला भराभर चालण्यास सांगितले जात होते. ते दृश्य सहन न होऊन महात्माजी झपाझप पुढे निघाले, तर त्या मजुरास त्यांच्या मागे धावविण्यात आले! भाटगामच्या सभेत त्यांनी हा सारा दोष स्वतःकडे व आपल्या सोबत्यांकडे घेतला. असे राहणारास व्हाइसरॉयच्या पगारावर टीका करण्याचा अधिकार काय, असा त्या भाषणाचा आशय होता.

वाचकांस वाटेल की, या गोष्टीचा घड्याळाशी काय संबंध? संबंध असा की, महात्माजी घड्याळाचे शत्रू नव्हते. त्यांच्या कमरेस सदैव घड्याळ लटकत असे व मिनिटामिनिटाचा हिशेब ते ठेवीत. त्यांच्या वापरातील झेनिथचे चांदीचे गजराचे घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे चष्मा, चपला, वाटी व थाळी यांसह लिलावात निघाले, तेव्हा त्या साऱ्या वस्तूंस मिळून सुमारे १८ लाख डॉलर आले. भाटगाम येथेही त्यांची हरकत दिव्याच्या उजेडास नव्हती; तो दिवा कोणाच्या डोक्यावर ठेवला होता, यास होती. महागड्या घड्याळाविषयी आम्हांस हीच कसोटी लावावीशी वाटते. त्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो?

समजा, एखाद्या तरुणाने आठ लाखांचे घड्याळ तीन वर्षांच्या हप्त्यांनी घेतले व व्याजाचा दर चौदा टक्के आहे. हप्ता दरमहा सुमारे २७,३०० रुपये होतो व अखेरीस सुमारे ९ लाख ८४ हजार भरावे लागतात. या छत्तीस महिन्यांत माग थंड पडला, हिऱ्याची मागणी घटली, तर? २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरतेतील एका मोठ्या हिरे-कंपनीने मागणीअभावी आपल्या कामगारांस दहा दिवसांची सुट्टी दिली होती. धंद्याच्या या शहरात पुढील तीन वर्षे मिळकत अखंड राहील, असे धरून चालणे धाडसाचे आहे. हप्ता चुकला, की भार आईच्या औषधावर, बहिणीच्या फीवर, घरच्या किराण्यावर येतो. घड्याळ मात्र ज्याच्या हातावर त्याच्याच हातावर राहते. कर्ज काढून घर घ्यावे, शिक्षण घ्यावे, माग घ्यावा; घड्याळ कधीही घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हाताखाली नोकरमाणसे असतील, तर त्यांचा थकलेला पगार व बोनस आधी चुकता व्हावा, हेही ओघानेच आले.

याहून नाजूक बाब लग्नाची. जावयाच्या हाती घड्याळ बांधण्याची हौस जुनी आहे. एके काळी फेव्हर-लुबाचे वा वेस्ट एंडचे घड्याळ मिळाले की जावई खूष असे. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानी सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ पासून घड्याळे काढली आणि कित्येक वर्षे एचएमटीवाचून लग्नाची खरेदी पुरी होत नसे. तो घड्याळ-कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. योगायोग पाहा, त्याच १९६१ साली, १ जुलैपासून, हुंडाप्रतिबंधक कायदाही अमलात आला. एचएमटी हे मध्यमवर्गीय वधूपित्याच्या आवाक्यातील देणे होते. आता मात्र “आम्हांस काही नको, फक्त मुलाला घड्याळांची आवड आहे,” एवढे एकच वाक्य वरपक्षाकडून येते व वधूपित्याची झोप उडते. उघड मागणी नाही, म्हणून हा हुंडा नव्हे, अशी मनाची समजूत कोणी घालू नये. मागितल्यावाचून दिलेल्या भेटीस कायद्याने सूट ठेवली आहे हे खरे. परंतु वधूकडील भेट रीतीस धरून असावी व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने भारी नसावी, अशी अटही त्यात आहे. हुंडा देणाऱ्याघेणाऱ्यास किमान पाच वर्षे कैद व किमान पंधरा हजार रुपये अथवा हुंड्याच्या किमतीइतका, यांतील जो अधिक तो दंड सांगितला आहे. वरमातापित्यांनी बैठकीतच “घड्याळ वगैरे काही घेणार नाही,” असे स्वतः होऊन म्हणावे. वधूपिता ते आपण होऊन म्हणू शकत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. धोंड्याच्या महिन्यातील वाणासही हेच लागू आहे.

बाजारात ज्यास ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, त्या नकली घड्याळांविषयी दोनच शब्द. ऐपत नसता ऐपतीचा देखावा करणे, यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. ती विकणे हा व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हाही आहे. साध्या, स्वदेशी घड्याळात काय कमी आहे? होसूरची टायटन आहे. आणि भिंतीवरच्या घड्याळासाठी तर आपल्या गुजरातेतच मोरबी आहे, जेथे १९७१ साली अजंठाचा आरंभ झाला.

आता ज्यांच्यावर कर्ज नाही, ज्यांच्या घरी कोणाची निकड अडलेली नाही, दानधर्माचा वाटा ज्यांनी आधीच बाजूस काढला आहे व ज्यांस त्या यंत्राचे खरोखर वेड आहे, त्यांनी ते खुशाल घ्यावे. मात्र पत्नीस विचारून घ्यावे, व घाई करू नये. स्वित्झर्लंडादी चार देशांशी भारताने १० मार्च २०२४ रोजी केलेला व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून त्यान्वये स्विस घड्याळांवरील आयातकर टप्प्याटप्प्याने उतरावयाचा आहे. थांबल्याने भाव उतरेलच असे नाही, पण मनाची ओढ खरी की क्षणिक, हे वर्षभरात कळून येते. दहा लाखांवरील घड्याळाच्या विक्रीत २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का कर गोळा करतो. तो आयकराच्या हिशेबात वळता होतो, म्हणून पावती जपावी. दोन लाख वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई झाली आहे. तेव्हा “रोखीने द्या, स्वस्त पडेल,” असे सांगणाऱ्या दुकानाची पायरी चढू नये. घड्याळाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. आणि ते लग्नात भेट म्हणून आले असेल, तर १९८५ च्या नियमांप्रमाणे वराने ठेवावयाच्या भेटींच्या यादीत त्याचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते लिहून खाली वधू व वर या दोघांच्या सह्या घ्याव्यात.