घराचा लिलाव टाळण्यासाठी : गृहकर्जाच्या हप्त्यात सवलत मागण्याची पूर्वतयारी

आमच्या बदनापूर तालुक्यात कापडाचे दुकान असो, शिंप्याची मशीन असो की सुताराचे काम असो, कमाई शेतकऱ्याच्या हातात पैसा येण्यावर अवलंबून असते. सोयाबीन व कापूस बाजारात गेला की उधारी वसूल होते, लग्नसराईत दुकान चालते. जून ते सप्टेंबर मात्र गल्ल्यात रोकड कमी असते. बँकेचा हप्ता बाराही महिने ठरलेल्या तारखेलाच कापला जातो. एक हंगाम बिघडला की दोन-तीन हप्ते थकतात आणि घर तारण असल्याने दुकानाची अडचण घराच्या उंबरठ्यावर येते.

अशा वेळी आपले अनेक बांधव गप्प बसतात. काहींना लाज वाटते. काहींच्या मनात व्याजाचे कर्ज घेतल्याचीच खंत असते, म्हणून ते कोणाशी बोलत नाहीत. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले अनेकजण इंग्रजी नोटीस तशीच कपाटात ठेवतात. हे गप्प बसणेच सर्वांत महाग पडते. हप्त्यात सवलत मागायची असेल तर तयारी कशी करावी, हे या लेखात क्रमाने पाहू.

सवलत हा हक्क नव्हे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करावा. हप्ता कमी करणे, मुदत वाढवणे किंवा एकरकमी तडजोड करणे हा कर्जदाराचा हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौर येथील नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, एकरकमी तडजोड मंजूर करण्याचा आदेश न्यायालय बँकेला देऊ शकत नाही. तो बँकेच्या व्यापारी निर्णयाचा भाग आहे. कोरोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० अशी हप्त्यांना स्थगिती दिली होती आणि नंतर पुनर्रचनेच्या दोन योजना आणल्या होत्या. त्या योजना केव्हाच संपल्या. आता प्रत्येकाला आपल्या कागदांच्या बळावरच बँकेला पटवून द्यावे लागते.

दुसरी गोष्ट दुष्काळाची. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बदनापूरही होते. त्या वेळच्या कर्ज पुनर्गठनाच्या सवलती शेतीकर्जासाठी होत्या, दुकानदाराच्या गृहकर्जासाठी नव्हत्या. तरीही तो शासन निर्णय निरुपयोगी नाही. उधारी का बुडाली याचा सरकारी पुरावा म्हणून त्या काळातील थकबाकीच्या अर्जाला तो जोडता येतो.

दिवसांची मोजणी

हप्ता चुकला त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. ३०, ६० आणि ९० दिवस असे टप्पे आहेत. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक ठरते. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले की, असे खाते पुन्हा नियमित होण्यासाठी संपूर्ण थकबाकी भरावी लागते. एखादा हप्ता भरून खाते सुधारत नाही. म्हणून अर्ज करण्याची खरी वेळ पहिल्या ९० दिवसांतली, किंबहुना हप्ता चुकण्याच्या आधीची आहे.

यानंतर २००२ चा सरफेसी कायदा लागू होतो. या कायद्याने बँकेला दिवाणी दावा न लावता तारण घराचा ताबा घेता येतो. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ५ मे २०२० रोजी तसा निर्णय दिला. कायद्याचे टप्पे असे आहेत :

१) कलम १३(२) ची नोटीस. संपूर्ण रक्कम भरण्यास ६० दिवसांची मुदत.

२) या मुदतीत कर्जदार लेखी हरकत किंवा निवेदन देऊ शकतो. ते मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेने उत्तर द्यावे लागते आणि नाकारल्यास कारणे द्यावी लागतात.

३) ६० दिवसांनंतर ताब्याची कारवाई. त्याविरुद्ध ४५ दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मराठवाड्यासाठी ते औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे आहे. या विषयात दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही.

४) घराच्या पहिल्या विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस.

लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरून घर सोडवता येते, असे बाजारात अजून सांगितले जाते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हे खरे राहिलेले नाही. विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण रक्कम भरावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले.

कर्ज पतसंस्थेचे असेल तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करण्यासाठी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्यापूर्वीच, सुनावणीच्या वेळी हजर राहून आपले म्हणणे लेखी द्यावे.

आधी स्वतःचा हिशेब

बँकेत जाण्यापूर्वी एका कागदावर बारा महिन्यांचा जमाखर्च मांडावा. प्रत्येक महिन्याची विक्री, मालाचे देणे, दुकानभाडे, घरखर्च आणि हातात उरणारी रक्कम लिहावी. सरासरी काढून भागत नाही, कारण आपली अडचण महिन्यांच्या चढउतारातच आहे. मग स्वतःला विचारावे : अडचण तात्पुरती आहे की धंदाच बसला आहे? किती हप्ता आपण न चुकता भरू शकतो?

सवलतीची किंमतही समजून घ्यावी. समजा १२ लाख रुपये बाकी आहेत, व्याज ९ टक्के आणि १० वर्षे शिल्लक आहेत. हप्ता सुमारे १५,२०० रुपये येतो. मुदत १५ वर्षे करून घेतली तर हप्ता सुमारे १२,१७० रुपये होतो. महिन्याला ३,००० रुपयांची सोय झाली, परंतु एकूण भरणा सुमारे ३ लाख ६६ हजार रुपयांनी वाढला. म्हणून गरजेइतकीच मुदत मागावी आणि हंगाम चांगला गेला की मुद्दलात जादा भरणा करावा. अडचणीपोटी केलेल्या पुनर्रचनेची नोंद पतअहवालात होते व पुढील कर्जास अडथळा येऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे.

व्याजदर जरूर तपासावा. मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्के झाला आणि २०२५ मध्ये कमी होत डिसेंबरमध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन चलदराची गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशी, जोडली जातात. आपले कर्ज त्याआधीचे असेल तर बदलून मिळेल काय, याची चौकशी करावी. कित्येकदा एवढ्यानेच हप्ता हलका होतो.

कोणते कागद जमवावेत

कर्जाचे मंजुरीपत्र व करारनामा, कर्जखात्याचा पूर्ण उतारा, मागील बारा महिन्यांचे बँक विवरण, आयकर व जीएसटीची विवरणपत्रे, उद्यम नोंदणी, घरपट्टीची पावती, आजारपण असेल तर दवाखान्याची बिले. येणे असलेल्या उधारीची नाव, रक्कम व तारीखवार यादी करावी.

ज्या कारागिरांची विवरणपत्रे नाहीत त्यांनी ऑर्डरची वही, मजुरीच्या पावत्या व खात्यात भरलेल्या रोख रकमा दाखवाव्यात. यासाठी रोजची कमाई खात्यातून फिरवण्याची सवय आतापासूनच लावावी. वही उर्दूत असेल तर संकोच नको. सनदी लेखापाल किंवा जाणकाराकडून मराठी वा इंग्रजीत गोषवारा करून घ्यावा. उताऱ्यातील दंडाची रक्कमही तपासावी. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार दंड हा व्याजदरात मिसळता येत नाही व दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

अर्ज कसा लिहावा

अर्ज एका पानाचा असावा. रडगाणे नको, मागणी नेमकी हवी. नमुना असा :

"मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझे गृहकर्ज खाते क्रमांक … आहे. … पर्यंतचे सर्व हप्ते मी वेळेवर भरले आहेत. … या कारणाने … महिन्यापासून माझे उत्पन्न कमी झाले असून … हप्ते थकले आहेत. सोबत बारा महिन्यांचा जमाखर्च जोडला आहे. … महिन्यांत उत्पन्न पूर्ववत होईल, असे माझ्याकडील येणे व ऑर्डर यांवरून दिसते. कृपया कर्जाची मुदत … महिन्यांनी वाढवून हप्ता … रुपये करावा. थकबाकीपैकी … रुपये मी आज भरत असून उर्वरित रक्कम … पर्यंत भरीन. आपला निर्णय लेखी कळवावा."

"आज भरत आहे" हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. थोडी का होईना, रक्कम भरून केलेल्या अर्जाकडे अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो. शब्द मात्र तेवढाच द्यावा, जेवढा पाळता येईल. कारण सवलत मिळाल्यावर पुन्हा हप्ता चुकला तर दुसऱ्यांदा ऐकून घेणारे कोणी नसते.

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. पोच न दिल्यास स्पीड पोस्टाने पाठवावा. जामीनदार व सहकर्जदार यांनाही सोबत न्यावे, कारण नोटीस त्यांनाही जाते. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. सवलत मंजूर झाल्यास नवीन हप्ता, मुदत व व्याजदर असलेले पत्र घ्यावे. बँकेने ३० दिवसांत तक्रारीला उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. परंतु तक्रार केली म्हणून ६० दिवसांची मुदत थांबत नाही.

काय टाळावे

हप्ता भरण्यासाठी विनापरवाना सावकाराकडून पैसे उचलू नयेत. राज्यात २०१४ पासून नवा सावकारी नियमन कायदा आहे आणि परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. "कर्जमाफीचे प्रमाणपत्र मिळवून देतो" म्हणणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये सावध केले आहे; त्यांना एक पैसाही देऊ नये. वसुलीवाले सकाळी ८ पूर्वी व संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. तसे झाल्यास तारीख-वेळ लिहून ठेवावी. कोऱ्या कागदावर सही करू नये.

आणि हिशेब मांडल्यावर धंदा सावरण्याची चिन्हे नसतील, तर बँकेच्या लेखी संमतीने घर आपणच विकणे शहाणपणाचे. स्वतः गिऱ्हाईक शोधून मिळणारी किंमत लिलावात सहसा मिळत नाही. कर्ज फिटून उरलेल्या पैशात लहान घर तरी उभे राहते.

आपल्या मोहल्ल्यात कोणाच्या दारी अशी नोटीस आली असेल, तर ज्याला वाचता येते त्याने ती त्याच दिवशी वाचून दाखवावी आणि तारीख मोजून द्यावी. व्यापारी म्हणून एकमेकांना एवढी मदत करणे आपल्या सर्वांच्या हातात आहे.