एका मोठ्या संख्येची पारख

४,२९,४९,६७,२९७ ही संख्या चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव अशी वाचतात. तिच्या एकंस्थानी ७ असल्यामुळे तिला २ ने किंवा ५ ने भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९ येते. तेव्हा ३ नेही भाग जात नाही. मग ही संख्या मूळ आहे की संयुक्त? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा निकाल लागण्यास ब्याण्णव वर्षे जावी लागली.

सतराव्या शतकात फ्रान्समधील तुलूझ नगरीत फर्मा नावाचा एक न्यायाधिकारी राहत असे. न्यायदानातून उरलेला वेळ तो गणितात घालवी. २ या संख्येचा वर्ग करावा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करावा, असे करीत गेल्यास २, ४, १६, २५६, ६५,५३६ या संख्या मिळतात. त्यांत एकेक मिळविला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. या पाचही मूळ संख्या होत. त्यावरून, ही मालिका कितीही वाढविली तरी तीत मूळ संख्याच येतील, असे फर्माने १६४० साली एका पत्रात लिहिले. आपल्याजवळ सिद्धता नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले होते.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी; परंतु संख्यांच्या राज्यात ही म्हण चालत नाही. मालिकेतील पुढची संख्या म्हणजेच आरंभी दिलेली संख्या. तिची परीक्षा करावयाची तर ६५,५३६ पर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. एवढे भागाकार हाताने कोण करणार?

१७२९ साली गोल्डबाख याने हा प्रश्न ऑयलर या तरुण गणितज्ञापुढे ठेवला. ऑयलरने भागाकारांचे ओझेच हलके केले. या संख्येला मूळ अवयव असलाच, तर तो ६४ च्या पटीहून एकाने अधिक असला पाहिजे, असे त्याने दाखविले. अशा मूळ संख्या म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ इत्यादी. पहिल्या चारांनी बाकी उरते. पाचवीने मात्र निःशेष भाग जातो!

६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७

हा गुणाकार कोणत्याही विद्यार्थ्याला पाटीवर करून पाहता येईल. १७३२ साली ऑयलरने तो जाहीर केला आणि फर्माचे अनुमान ढासळले. मौज अशी की, ऑयलरच्या या रीतीच्या मुळाशी फर्मानेच शोधलेला एक नियम आहे.

त्या पहिल्या पाच संख्यांखेरीज या मालिकेत आणखी एकही मूळ संख्या अद्याप सापडलेली नाही. तीतील तीन लाखांहून अधिक अंकांची एक संख्या संयुक्त असल्याचे संगणकाने सिद्ध झाले आहे. तिचा एकही अवयव मात्र अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.